नोकरच न्हाई, तर निवृत्त कशी?

आता शाल कशाला म्हणतो मी! तुम्हीच सांगा, एप्रिलचा महिना, आमच्या उदगीरकडं ऊन असं की सडकेचं डांबर चपलेला चिटकून घरापर्यंत येतंय, पत्र्याची शाळा, पंखा एकच, त्यो बी पाहुण्यांच्या डोक्यावर... अन् तसल्यात त्या केवळाबाईच्या अंगावर शाल! लोकरीची! वरून हार, वरून नारळ, वरून केंद्रप्रमुख म्हणायलेत, "बाई, जरा अंगाभोवती नीट गुंडाळून घ्या, फोटो काढायचाय." आरं, बाईचा सत्कार व्हायलाय का बाई उकडायला ठेवलीय?

अन् तुम्हाला सांगतो, त्या कार्यक्रमाला जेवण व्हतं. भात, वरण, वांग्याची भाजी. कुणी केलं? तिनंच! स्वतःच्या निरोपाचा भात स्वतःच शिजवला, हात धुतले, पदर सारखा केला अन् येऊन पहिल्या खुर्चीवर बसली सत्काराला. नारळ बी सकाळी तिलाच आणायला पाठवलं व्हतं. "केवळाबाई, येताना दुकानातून एक नारळ आणा, चांगला बघून आणा." कुणासाठी ते सांगितलंच न्हाई! बाईनं आपले चार वाजवून बघितले, त्यातला एक आणला, अन् दुपारी त्योच नारळ तिच्या वटीत!

थांबा, मी बी कुठून सुरू केलं... तुम्हाला केवळाबाईच माहीत न्हाई. माझ्या गल्लीतली. किशनरावची बायको. किशनराव म्हंजे दोन एकर कोरडवाहू, तोंडात तंबाखू अन् बोलणं कमी. अन् मी टमटमवाला, गाव ते तालुका, तालुका ते गाव. तर ही केवळाबाई आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत खिचडी शिजवायची. किती वर्षं? वीस-बावीस तर कुठं गेलीच न्हाईत. आमचा आत्ताचा सरपंच दुसरीत असताना ताट घेऊन तिच्यापुढं रडायचा, "अजून वाढ, अजून वाढ." आता पांढऱ्या गाडीतून फिरतोय, पण तिला बघितलं की काच खाली करतो. तिनं किती येळा वाढलं त्ये तिला माहीत हाय ना!

सुरुवातीला गॅस कुठला? तीन दगडं, ओली तुरहाटी अन् धूर. त्या धुरानं डोळे गेले की हो तिचे! म्हंजे गेले न्हाईत, पण जायच्या वाटंवर हायेत, उदगीरच्या डाक्टरनं थेंब दिलेत, आता जलमभर टाकायचे. डाव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत डाग हाय. एकदा पातेलं कलंडलं, समोर पहिलीतली पोरं बसलेली, बाईनं हात आडवा घातला. पोरं वाचली, हात भाजला. तव्हा ती हेडसरकडं गेली, म्हणली, "सर, दवाखान्याचं काही मिळतंय का?" सर म्हणले, "बाई, नोकरदाराला मिळतं. तुमचं मानधन हाय, पगार न्हाई."

हे ध्यानात ठेवा. मानधन हाय, पगार न्हाई. हे वाक्य त्या शाळेत फळ्यावरल्या सुविचारापेक्षा जास्ती येळा बोललं गेलंय. दिवाळीला काही? मानधन हाय बाई, पगार न्हाई. उन्हाळ्याच्या सुट्टीचं? मानधन हाय, पगार न्हाई. चार-चार महिने पैसेच आले न्हाईत, मग? मग काय, मानधन हाय! पगार असता तर येळेवर आला नसता का? एकदा केवळाबाईनं मला विचारलं, "काय रे, मानधन म्हंजे काय?" मी म्हणलं, "मावशी, मान अन् धन." ती मग म्हणली, "दोन्ही एकदम यायलेत म्हणून येळ लागायला असंल."

बरं, गंमत ऐका. मागं एकदा सरलोकांचा संप झाला. कशासाठी? पेन्शनसाठी! जुनी पेन्शन पाहिजे म्हणून सगळे सर तालुक्याला, झेंडे, टोप्या, घोषणा. आमचे हेडसर, हरिओम सर तर सगळ्यात पुढं, गळ्याच्या शिरा ताणून! बरोबर हाय, मी म्हणतो बरोबरच हाय, म्हातारपणी माणसानं काय खायाचं? पण शाळा? शाळेला कुलूप. अन् स्वैपाकखोलीची किल्ली कुणाकडं? केवळाबाईकडं! हिनं आपलं नेहमीच्या येळेला येऊन पातेलं चढवलं. फोडणीचा वास सुटला अन् पोरं आली की धावत! घरी सांगून आली, शाळा हाय म्हणून. मग ती नुसती बसवायची कशी? सातवीतल्या ऋतुजाला म्हणली, "तू पाढे म्हण, ह्यांना तुझ्या मागं म्हणू दे." संपाचे सगळे दिवस शाळा चालली की हो! बे एके बे, बे दुणे चार, अन् वरून खिचडी.

संप मिटला. हरिओम सर आले, हात जोडून म्हणले, "केवळाबाई, तुम्ही शाळा सांभाळली, तुमचे उपकार लई." तिनं लगीच विचारलं, "सर, तुमची पेन्शन झाली की माझं बी बघा." आता सर माणूस वाईट न्हाई, खरंच सांगतो, देवमाणूस हाय. पण मान खाली घालून काय म्हणला? म्हणा तुम्हीच!

...तेच. मानधन हाय, पगार न्हाई.

असं करता करता ह्या वर्षी वरून हुकूम आला, साठीच्या वरच्या स्वैपाकणी बंद करा. हरिओम सरनी तिला बोलावलं, खुर्ची दिली. बावीस वर्षांत पहिल्यांदा खुर्ची दिली म्हणल्यावर बाईला कळलंच, काहीतरी वंगाळ व्हणार. सर म्हणले, "केवळाबाई, तुमचं वय झालं. आपण मोठा कार्यक्रम करू." अन् मग त्यो शालीचा कार्यक्रम.

आता परत शालीपाशी आलो बघा. तर भाषणं सुरू. सरपंच म्हणला, "केवळाबाई म्हंजे अन्नपूर्णा!" टाळ्या. एक मास्तर म्हणले, "केवळाबाई म्हंजे माउली!" टाळ्या. केंद्रप्रमुख उठले, त्यांचा आवाज असा की माइकलाच घाम फुटावा, "प्रदीर्घ सेवेतून आज ह्या भगिनी निवृत्त होत आहेत!" टाळ्या! मग हरिओम सर म्हणले, "केवळाबाई, दोन शब्द बोला."

बाई उठली. तिला माइक कशाला लागतोय? शाळेची घंटा बिघडली की सर तिलाच हाक मारायला लावायचे. ती म्हणली, "साहेब, मी कशातून निवृत्त व्हायलेय?"

केंद्रप्रमुख हसून म्हणले, "सेवेतून, बाई, सेवेतून!"

"मग सेवेची पेन्शन?"

"तसं न्हाई बाई. सेवा म्हंजे... नोकरी न्हाई ना ती. तुमचं मानधन—"

"हाय, पगार न्हाई. हाव, ते पाठ हाय मला." अन् मग बाई अशी म्हणली बघा, "साहेब, मी नोकर न्हाई म्हणून डागदराचे पैसे दिले न्हाईत. नोकर न्हाई म्हणून सुट्टीचे दिले न्हाईत. बरं, न्हाई तर न्हाई. पण नोकरच न्हाई, तर निवृत्त कशी व्हायलेय मी?"

पंख्याचा आवाज येऊ लागला. केंद्रप्रमुख सरपंचाकडं बघायलेत, सरपंच हरिओम सरकडं, हरिओम सर छताच्या पत्र्याकडं. अन् चौथीतल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या! त्यांना वाटलं भाषण संपलं. बाईनं शाल काढली, नीट घडी घातली, टेबलावर ठेवली. म्हणली, "ही निवृत्त माणसाला द्या." नारळ मात्र घेऊन गेली. बरोबर हाय, निवडून आणला व्हता!

दुसऱ्या दिवशी सकाळी पाय आपोआप शाळेकडं वळले तिचे. माणसाचं असंच असतंय. स्वैपाकखोलीच्या दारात गेली तर आत अयोध्या उभी. अयोध्या म्हंजे पिराजीची सून, नवरा कारखान्याला ऊसतोडीवर गेलेला, घरी दोन लेकरं, तिला ठेवली व्हती नवीन. केवळाबाईला बघून पोरगी घाबरली. म्हणली, "मावशी, तुमची जागा घेतली म्हणून राग आला का?"

आता राग आला व्हता, खोटं कशाला सांगू? केवळाबाईनंच मला सांगितलं, म्हणली, छातीत नुसता जाळ झाला. तिचं पातेलं, तिचं उलथनं, तिनं खुंटीला टांगलेली चाळणी! पण पोरीचं तोंड बघितलं अन् जाळ इझला. म्हणली, "जागा कुठली बाई? जागा असती तर मला नसती का मिळाली? अन् त्ये झाकण असं सरळ उचलू नको, वाफ डोळ्यावर येती. तिरपं धर. डोळे राखून ठेव, पुढं कामाला येतेत." एवढं सांगितलं अन् निघून आली.

घरी आली तर डोळ्यांच्या थेंबाची बाटली संपलेली. किशनराव म्हणले, "पेन्शन न्हाई तर न्हाई. निराधारचं तरी बघू." म्हंजे त्ये म्हाताऱ्या, गरीब माणसाला महिन्याला मिळतंय त्ये. झालं! दोघं माझ्या टमटममधी बसून तालुक्याला. भाडं मी नको म्हणलं तर बाईनं बळंच हातात कोंबलं, म्हणली, "घे, हे भाडं न्हाई, मानधन हाय." ...हसता काय! माझं तोंड बघायला पाहिजे व्हतं तुम्ही!

आता त्या कचेरीचं ऐका. एकच इमारत. अलीकडची खोली निराधारची, पलीकडची खोली शाळाखात्याची. मधी एक भिंत. बाहेर व्हरांड्यात एक लाकडी बाकडं. मी किशनरावसंगं बाकड्यावर बसलो, बाई अलीकडच्या खोलीत गेली. आत टेबलामागं वीरण्णा, तरणा पोरगा, सीमेकडचा, मराठी बोलता बोलता मधीच कानडी. त्यानं विचारलं, "मावशी, आजपर्यंत काम काय केलं?"

"शाळेत स्वैपाक."

"कुठली शाळा?"

"जिल्हा परिषदेची."

वीरण्णानं पेन खाली ठेवला. "अय्यो! मग तुम्ही नोकरदार की हो! नोकरदाराला निराधार कसं मिळंल?"

तुम्हाला सांगतो, दुसरं कुणी असतं तर रडलं असतं. केवळाबाईच्या तोंडावर चांदणं पडलं! म्हणली, "काय म्हणलास? परत म्हण."

"काय, मावशी?"

"तेच. मी कोण?"

"नोकरदार."

"मोठ्यानं म्हण की रे लेकरा, माझा नवरा बाहेर बसलाय!"

बावीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी तिला नोकरदार म्हणलं व्हतं, अन् त्ये बी कशासाठी, तर पैसे न्हाई म्हणण्यासाठी! पण बाई उठली ती तडक पलीकडच्या खोलीत. तिथं मंजुश्री मॅडम. पुण्याकडं शिकलेल्या, बोलणं कसं इस्त्री केलेलं. बाई म्हणली, "मॅडम, पलीकडं मी नोकरदार निघालेय. तर माझी पेन्शन चालू करा."

मॅडम गोड हसल्या. "काकू, कसं आहे ना, ते मानधन आहे, पगार नाही."

झालं! बाई परत अलीकडं. "वीरण्णा, त्या म्हणतेत मी नोकर न्हाई." वीरण्णा म्हणला, "सरकारी पैसा घेतला म्हंजे नोकर." बाई पलीकडं. "मॅडम, त्यो म्हणतोय हाय." मॅडम म्हणल्या, "त्यांना नियम माहीत नाहीत." बाई अलीकडं. "त्या म्हणतेत तुला नियम माहीत न्हाईत." "येनू? मला माहीत न्हाईत?" असं चाललं, अन् मी अन् किशनराव बाकड्यावर बसून माना फिरवायलोत, इकडं... तिकडं... इकडं... शेवटी बाई दमली. तिनं वीरण्णाचं मनगट धरलं, "ऊठ," म्हणली, अन् त्याला ओढत नेऊन मॅडमच्या टेबलापुढं उभा केला. "आता तुम्ही दोघं शिकलेले आहात. ठरवा, मी कोण हाय. मी बाहेर बसते, ठरलं की हाक मारा."

अन् येऊन आमच्याजवळ बसली! आतून आवाज यायलेत, वीरण्णाचं मधीच कानडी सुटायलंय, मॅडमची इस्त्री मोडायलीय. जेवणाची सुट्टी झाली, संपली. मोठे साहेब बाहेर आले, "काय गोंधळ हाय? मिटवा लवकर!" म्हणून परत आत गेले.

मग मॅडमनी युक्ती काढली. एक कागद टाईप करून आणला. म्हणल्या, "काकू, ह्यावर सही करा. हा कागद वीरण्णांकडच्या अर्जाला जोडला की तुमचं निराधार मंजूर. पुढच्या महिन्यापासून पैसे खात्यात." किशनराव उठूनच उभे राहिले, "कर, कर गं सही!" वीरण्णा बी म्हणला, "करा मावशी, माझा बी प्रश्न सुटंल."

बाईनं पेन घेतला. डोळ्यापुढं कागद धरला, धूसर दिसायलेला. म्हणली, "वाचून दाखवा."

मॅडमनी वाचलं, "सदर महिला कधीही कोणत्याही नोकरीत नव्हती व शाळेत तिने केलेले काम हे काम या व्याख्येत येत नाही."

केवळाबाईनं पेन टेबलावर ठेवला. डाव्या हाताचा पदर मागं सारला, त्यो डाग, कोपरापासून मनगटापर्यंत. म्हणली, "मग हा कशानं पडला, मॅडम? व्याख्येनं?"

अन् तिनं कागद मॅडमकडं परत सरकवला.

"मी सही केली की पैसे येतील, हाव, मला बी पाहिजेत पैसे. थेंब संपलेत माझे. पण सकाळी त्या चुलीपुढं अयोध्या उभी हाय. मी काम केलंच न्हाई म्हणून सही केली, तर ती काय करायलीय तिथं? वीस वर्षांनी ती ह्याच टेबलापुढं येईल, तव्हा तुम्ही माझाच कागद काढून तिच्या तोंडावर माराल. तुम्ही असं करा. लिहा, हिनं काम केलं. एवढंच लिहा. पैसे देऊ नका. पण लिहा."

मॅडमचा आवाज पार बारीक झाला. "काकू... तसं लिहिण्याचा अधिकार मला नाही."

"केलं न्हाई लिहायचा हाय, अन् केलं लिहायचा न्हाई?"

अन् बाई उठली! कागद तिथंच! डोळ्यांचे थेंब तिथंच, पुढच्या महिन्याचे पैसे तिथंच, अन् आली बाहेर ताठ मानेनं. मी म्हणलं आता किशनराव तिला फाडून खातेत. टमटम सुरू केली. अर्धी वाट झाली, माणूस गप. पाऊण झाली, गप. मला तर घामच फुटला, म्हणलं इथंच उतरून भांडतेत का काय! गावाचा फाटा आला तव्हा किशनरावनं तंबाखू थुंकली अन् म्हणले, "बरं केलंस. साऱ्या पाहुण्यारावळ्यात सांगत आलोय, माझी बायको नोकरीला हाय म्हणून. सही केली असतीस तर मी खोटा पडलो असतो."

बाई एवढी हसली, एवढी हसली, की डोळ्यातनं पाणी. थेंबाविना!

थेंबाचं काय झालं म्हणता? हरिओम सरनी आणून दिले. बाईनं घेतले अन् सांगितलं, "उसने हायेत, सोयाबीन आलं की देते." नेहमीचं मानधनाचं वाक्य ह्या येळेला सरनी म्हणलं न्हाई.

पण बात काय लपती व्हय? अलीकडच्या गावची साखराबाई, ती बी स्वैपाकीण, तिला कळलं. जळकोटकडच्या दोघींना कळलं. आता दर सोमवारी माझी टमटम भरून बाया त्या कचेरीला जातेत. भांडण न्हाई, घोषणा न्हाई. एकेक बाई अलीकडं जाती, विचारती, "मी कोण?" वीरण्णा म्हणतो, "नोकरदार." पलीकडं जाती, विचारती, "मी कोण?" मॅडम म्हणतेत, "मानधनवाल्या." अन् बाकड्यावर येऊन बसती, ठरलं की हाक मारा म्हणून. दिवसभर!

परवाच्या सोमवारी तर कमाल झाली. जेवणाच्या सुट्टीत वीरण्णा डबा घेऊन बाहेर आला, इकडं तिकडं बघितलं, केवळाबाईला म्हणला, "मावशी, जरा सरका." अन् तिच्या बाजूला बसला. हळूच म्हणला, "मी बी कंत्राटी हाय. अकरा महिन्यांचा. दरसाल नवा. माझं बी विचारा की." बाईनं त्याच्या डब्यातली चटणी चाखली, म्हणली, "बस. नंबर लाव."

अन् साहेबांनी दखल घेतली बरं का! घेतली! सरकार काय एवढं बहिरं न्हाई. बाया एवढ्या येतेत, आपला माणूस बी त्यांच्यात जाऊन बसायलाय म्हणल्यावर साहेब स्वतः केबिनमधून उठून व्हरांड्यात आले, सगळं बघितलं, गंभीर झाले, अन् तिथल्या तिथं निर्णय दिला...

बाकडं उचलून आत नेलं.

आता काय... आता उभं राहून विचारायलेत.